उगवले नव्हते, गळत होते

लेसरने केस काढल्यानंतरचे दिवस, त्वचेची निगा आणि घरच्यांनी घ्यावयाची काळजी

बल्लारपूरकडील एका कामगार वस्तीतील ही हकिकत आहे. वडील कोळसा खाणीतून निवृत्त झालेले, आई अंगणवाडीत मदतनीस आणि मुलगी कापड दुकानात बिले लिहिण्याच्या कामावर. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने राठ केस येतात म्हणून ही मुलगी कॉलेजात असल्यापासून तोंडाला दुपट्टा गुंडाळून फिरत असे. लोकांना वाटे, ऊन लागते म्हणून बांधते. खरे कारण फक्त आईला ठाऊक. पगारातून दरमहा थोडे थोडे बाजूला टाकून तिने वर्षभरात पैसे जमविले आणि मार्च महिन्यात शहरातील एका केंद्रात जाऊन लेसरची पहिली सिटिंग घेतली.

आठवडाभर चेहरा नितळ दिसला. घरात आनंद झाला. दहाव्या दिवशी सकाळी आरशात पाहिले तर हनुवटीवर काळे ठिपके! बोट फिरवले तर खरखरीत लागले. मुलगी रडकुंडीला आली. आई म्हणाली, "गेले बाई पैसे पाण्यात." शेजारच्या मावशीने सल्ला दिला, "धाग्याने काढून टाक अन् वरून ब्लीच लाव. रविवारी पाहुणे येऊन राहिले ना!" मुलीने तसेच केले. संध्याकाळपर्यंत हनुवटी लालबुंद होऊन आग व्हायला लागली. दुसऱ्या दिवशी भर दुपारच्या उन्हात दुकानाची वाट काही चुकली नाही. कोणीतरी मेडिकलमधून एक ट्यूब आणून दिली, तीही चोळून झाली. आठवड्याभरात जबड्यावर काळपट पट्टा उमटला. पाहुण्यांनी केसांबद्दल काही विचारले नाही. "तोंड कशाने भाजले?" एवढे मात्र विचारले.

ही हकिकत सांगण्याचे कारण असे की, त्या मुलीचे केस परत आलेच नव्हते. ते गळत होते. आणखी आठ-दहा दिवस तिने त्यांना हात लावला नसता तर बहुतेक आपोआप पडून गेले असते. पैसे घेणाऱ्याने हे एक वाक्य तिला सांगितले नाही, आणि घरात ते कोणाला माहीत असण्याचे कारण नव्हते. आज चंद्रपुरात, नागपुरात आणि मोबाईलवरच्या जाहिरातींतून लेसरचे नाव आपल्या घरांपर्यंत आले आहे. नाव आले तशी माहितीही यावी, यासाठी हा लेख.

लेसर करतो काय?

आपल्या केसाला आणि कातडीला काळा रंग देणारे द्रव्य एकच आहे. त्याला मेलॅनिन म्हणतात. लेसर म्हणजे ठरावीक रंगाचा अत्यंत प्रखर प्रकाश. तो कातडीतून आत शिरतो, केसातील मेलॅनिन तो शोषून घेते, प्रकाशाची उष्णता होते आणि ती मुळापर्यंत पोहोचून मूळ निकामी करते. उन्हात ठेवलेला काळा तवा पांढऱ्या ताटापेक्षा लवकर तापतो, तोच हा नियम आहे. १९८३ साली अमेरिकेतील अँडरसन आणि पॅरिश या दोन डॉक्टरांनी असे मांडले की, योग्य प्रकारचा प्रकाश योग्य तेवढ्याच क्षणासाठी सोडला तर आजूबाजूचा भाग वाचवून नेमका हवा तोच भाग तापविता येतो. पुढे १९९६ साली अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेसरने केस काढण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, पिकलेल्या पांढऱ्या केसांवर आणि फिकट लवीवर लेसर फारसा चालत नाही, कारण त्यात काळे द्रव्यच नसते. दुसरी, केस जितका काळा आणि राठ, तितका परिणाम चांगला.

मग एकाच सिटिंगमध्ये काम का होत नाही? मोहाच्या झाडाखाली सगळी फुले एकाच रात्री पडत नाहीत. वेचायला कितीतरी दिवस पहाटे जावे लागते. केसांचेही तसेच आहे. काही केस वाढीच्या अवस्थेत असतात, काही वाढ थांबवून आवरते घेत असतात, तर काही विश्रांती घेत असतात. लेसरचा मार लागतो तो मुख्यतः वाढीच्या अवस्थेतील केसांना. बाकीचे जेव्हा वाढीला लागतील तेव्हा त्यांना गाठावे लागते. म्हणून चेहऱ्यासाठी साधारण ४ ते ६ आठवड्यांच्या आणि हातापायांसाठी ६ ते ८ आठवड्यांच्या अंतराने सिटिंग घेतात. अशा ६ ते ८ सिटिंग बहुतेकांना लागतात.

एवढे करूनही केस कायमचे शंभर टक्के जातील असे कोणी म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ साली या उपचाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, तेव्हा त्यात 'केस काढणे' असे न म्हणता 'केस कमी करणे' असाच शब्द वापरला. केस कमी होतात, बारीक होतात, उशिरा येतात. बऱ्याच जणींना वर्षातून एखादी सिटिंग नंतरही घ्यावी लागते.

दहाव्या दिवसाचे काळे ठिपके

मूळ निकामी झाले तरी केसाचा तुकडा कातडीच्या आत अडकलेला असतो. कातडी त्याला हळूहळू बाहेर ढकलते. हे ढकलणे साधारण पाचव्या-सातव्या दिवसापासून सुरू होते आणि दोन-तीन आठवडे, क्वचित महिनाभरही चालते. या काळात कातडीवर काळे ठिपके दिसतात, खुंट वाढल्यासारखे वाटतात, हाताला खरखर लागते. पाहणाऱ्याला वाटते, केस उगवले. प्रत्यक्षात तो मेलेला केस बाहेर पडत असतो.

ओळखायचे कसे? अंघोळीच्या वेळी कोमट पाण्याने भाग ओला करून मऊ कापडाने अलगद टिपला की असे केस विनासायास कापडावर येतात. ते ओढावे लागत नाहीत. जो केस सहज येत नाही तो त्याच्या वेळेला पडेल, त्याच्या मागे लागू नये. चिमट्याने उपटू नये, नखाने उकरू नये, धागा फिरवू नये, वॅक्स लावू नये, जाड खरबरीत वस्तूने घासू नये. उकरल्याने कातडीला जखम होते, पू होतो आणि आपल्या सावळ्या कातडीवर प्रत्येक जखम आपली काळी खूण मागे ठेवते.

तीन-चार आठवड्यांनंतर जे केस दिसू लागतात ते त्या वेळी विश्रांतीत असलेले असतात. ते दिसले म्हणून उपचार वाया गेला असे होत नाही. पुढची सिटिंग त्यांच्यासाठीच असते. तोपर्यंत फारच अडचण वाटली तर स्वच्छ रेझरने वरवर केस काढण्यास हरकत नसते. रेझरने केस राठ होतात हा समज खोटा आहे. उपटायचे मात्र नाहीत, कारण मुळासकट केस गेला तर पुढच्या वेळी लेसरने तापवायचे कोणाला?

सावळ्या कातडीला कोणते यंत्र?

केस काळा आणि कातडी गोरी असेल तर काम सोपे. आपल्याकडे केसही काळे आणि कातडीही सावळी. म्हणजे केसासाठी सोडलेला प्रकाश वाटेतच कातडीही शोषून घेते. यंत्र चुकीचे असेल किंवा जोर जास्त असेल तर भाजते, फोड येतात, काळे किंवा पांढरे डाग पडतात. फिट्झपॅट्रिक या अमेरिकन डॉक्टरांनी १९७५ साली उन्हाला कातडी कसा प्रतिसाद देते यावरून वर्गवारी सुरू केली. आज तिचे सहा प्रकार मानतात. आपल्या देशातील बहुतांश लोक त्यातील चौथ्या-पाचव्या प्रकारात बसतात. यात कमीपणाचे काही नाही. हीच कातडी आपल्याला उन्हापासून अधिक संरक्षण देते. फक्त यंत्र चालविणाऱ्याला या कातडीची जाण हवी.

गडद कातडीसाठी 'एनडी-याग' नावाचा १०६४ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा लेसर सर्वांत सुरक्षित मानतात. तो खोलवर जातो आणि वरच्या कातडीतील मेलॅनिन त्याला कमी शोषते. ८०० ते ८१० नॅनोमीटरचा 'डायोड' लेसरही अनुभवी हातात चांगले काम करतो. ७५५ नॅनोमीटरचा 'अलेक्झांड्राइट' गोऱ्या कातडीवर उत्तम, पण गडद कातडीवर जपून वापरावा लागतो. काही ठिकाणी 'आयपीएल' यंत्रालाच लेसर म्हणून सांगतात. तो मिश्र लहरींचा प्रकाश असतो, लेसर नव्हे, आणि गडद कातडीवर त्याने भाजण्याची भीती अधिक असते.

म्हणून आधी विचारावे : यंत्र कोणते? माझ्यासारख्या रंगाच्या कातडीवर ते वापरता का? आधी छोट्या जागेवर करून पाहाल का? लेसर कोण करणार, त्वचारोगतज्ज्ञ की दुसरे कोणी? काही बिघडले तर पाहणारा डॉक्टर कोण? विचारल्यावर जो चिडतो, त्याच्यापुढे चेहरा धरू नये.

आपल्या भागातील आणखी एक गोष्ट. आपल्याकडील अनेक बायकांच्या हातावर, कपाळावर, हनुवटीवर गोंदण असते. गोंदणावरून लेसर फिरवू नये. गोंदणाची शाई प्रकाश शोषून घेते आणि तेथे भाजते. तीळ आणि काळे डागही झाकून घ्यावे लागतात. डोळ्यांवर खास चष्मा असल्याशिवाय यंत्र सुरू करू देऊ नये. भुवयांच्या खालच्या भागात लेसर करूच नये.

दुखू नये म्हणून सुन्न करणारे मलम लावतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच असावे. अमेरिकेत दोन तरुणींनी लेसरपूर्वी पायांना असे मलम भरपूर लावून वर प्लास्टिक गुंडाळले आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर तेथील औषध प्रशासनाने २००७ साली लोकांना सावध केले.

पहिले दोन दिवस

सिटिंग झाल्यावर केसांच्या मुळाभोवती लालसर फुगवटे येतात, थोडी आग होते. काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत ते ओसरतात. याची भीती बाळगू नये. बर्फ स्वच्छ फडक्यात गुंडाळून पाच-दहा मिनिटे शेकावा, थेट कातडीवर ठेवू नये. साधे, बिनवासाचे मॉइश्चरायझर किंवा डॉक्टरांनी सांगितलेले कोरफडीचे जेल लावावे.

पहिले दोन दिवस कढत पाण्याने अंघोळ करू नये, वाफ घेऊ नये, चुलीच्या किंवा भट्टीच्या झळेसमोर फार वेळ बसू नये. घाम गाळणारे जड काम टाळता आले तर टाळावे. काखेत लेसर केला असेल तर पावडर, अत्तर, डिओ लावू नये. उटणे, स्क्रब, लिंबू आणि ब्लीच यांना पुढील दोन-तीन आठवडे घरात सुट्टी द्यावी. हळद, टूथपेस्ट, चुना, शाई हे भाजल्यावरचे घरगुती 'उपाय' कातडीला आणखी त्रास देतात.

फोड आला, पू दिसला, दोन दिवसांनंतरही आग वाढतच गेली किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. फोड फोडू नये. काळा डाग पडला तर धीर धरावा. उन्हापासून जपले तर बहुतेक काळे डाग काही आठवड्यांत किंवा महिन्यांत फिके होतात. पांढऱ्या डागांना अधिक वेळ लागतो. डाग असताना पुढची सिटिंग घेऊ नये.

चंद्रपूरचे ऊन

चंद्रपूर हे देशातील अतिउष्ण शहरांपैकी एक. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो हे आपल्याला वेगळे सांगायला नको. लेसरनंतरची कातडी आणि हे ऊन यांचे वैर आहे. उन्हाने रापलेल्या कातडीत मेलॅनिन वाढलेले असते, तिच्यावर लेसर केला तर भाजते. लेसर झालेली कातडी उन्हात गेली तर डाग पडतो. सिटिंगच्या आधी आणि नंतर तीन-चार आठवडे ऊन जपावे, असा साधा नियम धरावा.

आता ऊन जपावे म्हणजे काय? ज्या बाईला एप्रिल-मे महिन्यांत तेंदूपाने तोडायला जंगलात जायचे आहे, जिला धानाच्या बांधीत दिवसभर वाकून रोवणी करायची आहे, तिला "घरात बसा" असे सांगण्यात अर्थ नाही. म्हणून दिनदर्शिका आपणच ठरवावी. चेहऱ्याच्या ६ सिटिंग ५ आठवड्यांच्या अंतराने धरल्या तर पहिलीपासून शेवटच्या सिटिंगपर्यंत २५ आठवडे लागतात. रोवणी आटोपल्यावर ऑगस्टच्या मध्यात सुरुवात केली तर फेब्रुवारीच्या सुरुवातीला काम संपते, उन्हाळा लागायच्या आत. होळीनंतर सुरुवात करणे आपल्या भागात शक्यतो टाळावे. 'समर ऑफर'च्या जाहिराती उन्हाळ्यातच येतात, हे ध्यानात ठेवावे!

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिकचे घ्यावे. बाहेर पडण्याच्या पंधरा-वीस मिनिटे आधी लावावे, दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे, घाम पुसल्यावरही लावावे. ढगाळ दिवशीही लावावे, कारण ढगांतून किरणे येतात. सोबत सुती दुपट्टा आणि छत्री. खाणीच्या किंवा वीज केंद्राच्या परिसरात राहणाऱ्यांनी संध्याकाळी घरी आल्यावर धूळ सौम्य साबणाने, न घासता धुवावी.

हे नियम पुरुषांनाही लागू आहेत. दररोज दाढी करावी लागते अशा नोकरीतील काही तरुणांना केस आत वळून मानेवर फोड येतात आणि डॉक्टर त्यांना लेसर सुचवितात. त्यांनीही डाग आणि ऊन जपावे.

मेडिकलमधली ट्यूब

डाग पडला की आपण मेडिकलमध्ये जाऊन "डागाची ट्यूब द्या" म्हणतो. त्यातील अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते. दोन-चार दिवसांत चेहरा उजळल्यासारखा वाटतो आणि सवय लागते. पुढे कातडी पातळ होते, लाल होते, मुरमे येतात, ट्यूब बंद केली की आग होते. आणि आणखी एक परिणाम होतो, जो या लेखाच्या विषयाशी थेट जोडलेला आहे. स्टेरॉइड दीर्घकाळ लावल्याने चेहऱ्यावर केस वाढतात! म्हणजे गोरे होण्यासाठी ट्यूब, ट्यूबमुळे केस, केसांसाठी लेसर, लेसरच्या डागासाठी पुन्हा ट्यूब. हे चक्र आपल्या कष्टाच्या पैशावर फिरत राहते.

भारतातील त्वचारोगतज्ज्ञांनी या नुकसानीबद्दल वर्षानुवर्षे आवाज उठविला. २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमांची डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री करण्याची मुभा काढून घेतली. नियम झाला, पण ट्यूब मागण्याची आपली सवय आपणच मोडली पाहिजे. लेसर करण्यापूर्वी अशी ट्यूब लावत असल्यास ते डॉक्टरांना लपवू नये. मुरमांच्या गोळ्या, इतर चालू औषधे, तोंडावर वारंवार येणारे जर, जखमेच्या जागी गाठ येण्याची प्रवृत्ती, गरोदरपण हेही आधीच सांगावे. गरोदरपणात हा उपचार पुढे ढकलणेच चांगले.

केस आले तरी कशाने?

लेसरकडे जाण्याआधी विचारावयाचा हा पहिला प्रश्न आहे. काही घराण्यांत बायकांच्या चेहऱ्यावर केस असतातच, तो आजार नव्हे. परंतु केसांबरोबर पाळी दीड-दोन महिने लांबत असेल, वजन वाढत असेल, मुरमे येत असतील, डोक्यावरचे केस विरळ होत असतील तर पीसीओएस असू शकतो. यात स्त्रीच्या शरीरात पुरुषी संप्रेरकांचे प्रमाण वाढते. अशा मुलींना पुढे मधुमेहाचा धोका अधिक असतो, म्हणून वेळीच तपासणी हवी. आतले कारण तसेच ठेवून वरून लेसर करीत राहिलो तर नवे केस येतच राहतात. अशा काही स्त्रियांत लेसरनंतर आजूबाजूच्या भागात उलट केस वाढल्याचेही डॉक्टरांनी नोंदविले आहे. आणि केस एकाएकी झपाट्याने वाढले, आवाज जाड होऊ लागला तर लेसरचा विचार बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जावे.

पण पाळीची गोष्ट आपल्या घरात कोण काढतो? गडचिरोलीतील 'सर्च' संस्थेच्या डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांमध्ये कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, आणि पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. आपल्याच जिल्ह्यातील या अभ्यासाने जगाला दाखवून दिले की, बाई सोसते म्हणजे ती निरोगी असते असे नाही. हनुवटीवरचा केस आरशात दिसतो म्हणून त्यावर पैसे खर्च होतात, चुकलेली पाळी दिसत नाही म्हणून ती वर्षानुवर्षे तशीच राहते. आईने मुलीला, बहिणीने बहिणीला हे विचारले पाहिजे. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीला महिला व बाल रुग्णालय आहे. तेथे आधी दाखवावे.

हिशेब आणि कागद

जाहिरातीत एका सिटिंगचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. आपण पूर्ण हिशेब मांडावा. समजा, हनुवटीच्या एका सिटिंगचे १५०० रुपये सांगितले. ६ सिटिंगचे झाले ९०००. मुलगी आणि सोबत आई, दोघींचे जाण्यायेण्याचे भाडे प्रत्येक वेळी ४०० धरले तर २४००. एक दिवसाची बुडालेली रोजी ४०० धरली तर सहा वेळचे २४००. सनस्क्रीनच्या तीन ट्यूब प्रत्येकी ४०० प्रमाणे १२००. एकूण १५,००० रुपये. यानंतर अधूनमधून लागणाऱ्या सिटिंग वेगळ्या. सिरोंच्याहून गडचिरोलीच सुमारे २०० किलोमीटर, तेथील मुलीचा भाड्याचा आकडा याहून कितीतरी मोठा होईल. हे सारे पाहून परवडत असेल तरच करावे. व्याजाने पैसे काढून करण्याजोगा हा उपचार नव्हे.

सगळ्या सिटिंगचे पैसे एकदम भरू नयेत. प्रत्येक वेळी पक्के बिल घ्यावे. यंत्राचे नाव, तारीख, भाग आणि डॉक्टरांचे नाव कागदावर लिहून मागावे. सिटिंगपूर्वी आणि नंतर चेहऱ्याचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवावा. रात्री फोड आला तर कोणाला फोन करायचा तो क्रमांक घ्यावा. निष्काळजीपणामुळे इजा झाली तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. असा आयोग दोन्ही जिल्ह्यांत आहे. परंतु कागद नसेल तर आपले म्हणणे कितीही खरे असले तरी उभे राहत नाही.

घरच्यांना एक विनंती

भगिनींनो, बंधूंनो, चेहऱ्यावर केस असणे हा कोणाचा गुन्हा नाही. लेसर करून घ्यावा की न घ्यावा हे त्या मुलीने ठरवावे, पाहायला येणाऱ्या पाहुण्यांनी नव्हे. जिला करायचा नाही तिला टोमणे मारू नयेत. जिला करायचा आहे तिला "नखरे" म्हणून हिणवू नये, तिच्यासोबत जावे आणि पुढचे तीन आठवडे तिच्या हातातील धागा काढून घ्यावा!

लेखाच्या सुरुवातीच्या त्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगतो. त्वचारोग विभागातील डॉक्टरांनी तिची ट्यूब टप्प्याटप्प्याने बंद केली आणि पाळीबद्दल विचारले. तपासणीत पीसीओएस निघाला, त्याचे औषध सुरू झाले. पावसाळा संपत येईस्तोवर जबड्यावरचा पट्टा फिका पडला. मग नीट विचारपूस करून, दुसऱ्या ठिकाणी तिने पुढची सिटिंग घेतली. दहाव्या दिवशी आरशात पुन्हा काळे ठिपके दिसले. आईचा जीव वरखाली झाला. मुलीने कोमट पाण्याने तोंड धुतले, मऊ फडक्याने टिपले आणि फडके आईपुढे धरले. त्यावर केस आलेले होते. "पाय आई, गळून राहिले," ती म्हणाली.

मग सनस्क्रीन लावून, दुपट्टा बांधून ती दुकानाला गेली. या वेळी तोंडाला बांधलेला दुपट्टा खरोखरच उन्हासाठी होता.